कुपवाड्याची दोन शून्ये

तक्ता कागदावर असतो तेव्हा त्याचा अर्थ वाचणारा माणूस लावतो; तोच तक्ता संगणकाच्या फाइलमध्ये गेला की हे काम एखाद्या प्रोग्रामकडे जाते, आणि त्या प्रोग्रामला तक्त्याखालची तळटीप, शीर्षकाचा अर्थ किंवा व्यवहारातले शहाणपण यांपैकी काहीच उपलब्ध नसते. तक्ते एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नेण्यासाठी सर्रास वापरला जाणारा फाइलप्रकार म्हणजे सीएसव्ही. या तीन अक्षरांचा अर्थच 'स्वल्पविरामाने तोडलेली मूल्ये' असा आहे. एका ओळीत एक नोंद, दोन मूल्यांमध्ये एक स्वल्पविराम, मूल्यातच स्वल्पविराम असेल तर त्याभोवती दुहेरी अवतरणचिन्हे आणि हवी असल्यास वर एक शीर्षकओळ, एवढ्यावर त्याचे व्याकरण संपते. हे व्याकरणही वापर रूढ होऊन कित्येक वर्षे लोटल्यावर, ऑक्टोबर २००५ मध्ये, 'आरएफसी ४१८०' या टिपणात लिहून काढले गेले, आणि ते टिपण स्वतःला मानक न म्हणवता केवळ माहितीपर म्हणवते. संख्या कोणती, तारीख कोणती, मजकूर कोणता हा भेद त्यात कोठेही नाही.

ज्यांच्या अभावाविषयी वाद आहे त्या दोन गोष्टी आधी स्पष्ट केलेल्या बऱ्या. डेटा टाइप म्हणजे मूल्य कोणत्या जातीचे आहे याची प्रोग्रामने ठेवलेली नोंद. ते पूर्णांक आहे, दशांश आहे, मजकूर आहे, तारीख आहे की ठरावीक पर्यायांपैकी एक आहे हे त्या नोंदीवरून कळते. इंडेक्स म्हणजे ओळ कोणाची आहे हे सांगणारी खूण. शाळेत एकाच मुलाला दोन क्रमांक असतात: हजेरीपटावरचा क्रमांक, जो दर वर्षी बदलतो आणि ज्याचा अर्थ केवळ 'यादीत कितवा' एवढाच असतो, आणि जनरल रजिस्टरमधला क्रमांक, जो शाळा सोडल्याच्या दाखल्यापर्यंत बदलत नाही. इंडेक्स या दोहोंपैकी कोणताही असू शकतो, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे बराचसा गोंधळ त्यातूनच उद्भवतो.

प्रस्तुत संवादातील अभिलेखपाल आणि विश्लेषक या दोन भूमिका आहेत, व्यक्ती नव्हेत. पहिल्याचे काम तक्ते पन्नास वर्षे टिकवण्याचे, दुसऱ्याचे ते आज संध्याकाळपर्यंत जोडून देण्याचे. दोघांसमोर एकच तक्ता आहे: २०११ च्या जनगणनेतील देशाचे ६४० जिल्हे, प्रत्येकाचा तीन अंकी संकेतांक, नाव आणि लोकसंख्या. त्याची पहिली नोंद '००१,कुपवाडा,८७०३५४' अशी आहे, आणि बऱ्याच खाली '५२१,पुणे,९४२९४०८' ही नोंद येते.

अभिलेखपाल : सीएसव्हीमध्ये डेटा टाइप हरवतात ही तक्रार मुळातच चुकीची मांडली जाते, कारण जे कधी ठेवलेच नव्हते ते हरवणार कसे? ही फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडावी. कुपवाड्यापुढची दोन्ही शून्ये जागच्या जागी आहेत. फाइलने दिलेले प्रत्येक अक्षर जसेच्या तसे सांभाळले आहे. शून्ये खाल्ली ती वाचणाऱ्या प्रोग्रामने, आणि ठपका मात्र फाइलवर येतो.

विश्लेषक : सर, शून्ये फाइलमध्ये आहेत हे मान्य, पण नोटपॅडमध्ये वाचून कोणी सरासरी काढत नाही. पायथॉन भाषेतली तक्ते हाताळणारी पांडाज ही लायब्ररी ही फाइल वाचते तेव्हा ती प्रत्येक स्तंभाकडे पाहून अंदाज बांधते, आणि सगळी मूल्ये अंकांची दिसली की तो स्तंभ पूर्णांकांचा ठरवते. मग ००१ चा १ होतो, ०४५ चा ४५ होतो. या तक्त्यात ००१ पासून ०९९ पर्यंत ९९ जिल्ह्यांचे संकेतांक असे बदलतात, आणि चूक झाल्याचा एक शब्दही पडद्यावर उमटत नाही.

येथे एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे, ती अशी की केवळ महाराष्ट्राच्या तक्त्यांवर काम करणाऱ्याला हा दोष वर्षानुवर्षे दिसतच नाही. राज्यातील तेव्हाच्या ३५ जिल्ह्यांचे संकेतांक नंदुरबारच्या ४९७ पासून सांगलीच्या ५३१ पर्यंत आहेत. राज्याचा संकेतांक २७ आहे. येथले पिनकोडही ४ ने सुरू होतात. शून्याने सुरू होणारा संकेतांकच समोर येत नाही, त्यामुळे लिहिलेला प्रोग्राम निर्दोष वाटतो, आणि तोच प्रोग्राम अखिल भारतीय तक्त्याला लावला की काश्मीर, हिमाचल आणि पंजाबचे जिल्हे जोडणीतून निसटतात. मुंबईचा ०२२ आणि पुण्याचा ०२० हे दूरध्वनीचे संकेतांक तेवढे या नियमाला अपवाद, पण ते सहसा आकडेमोडीच्या तक्त्यांत येत नाहीत.

अभिलेखपाल : यावरचा उपाय एका शब्दाचा आहे. फाइल वाचताना 'डीटाइप' या पर्यायाने हा स्तंभ मजकुराचा आहे असे सांगितले की शून्ये राहतात. जिल्ह्याचा संकेतांक ही संख्याच नव्हे. पुण्याच्या संकेतांकात सांगलीचा मिळवून जे येईल त्याला काही अर्थ नसतो. ज्याची बेरीज करायची नाही ते अंकांत लिहिलेले नाव आहे, आणि वाचणाऱ्याला एवढी समज असायला हवी.

विश्लेषक : समज असावी हे खरे, पण ती यावी कोठून? फाइल बनवणाऱ्याला माहीत होते की संकेतांक तीन अंकी असतो. त्याच्या प्रोग्राममध्ये तो स्तंभ मजकुराचा म्हणूनच होता. फाइल लिहिली गेली त्या क्षणी ती माहिती गळून पडली, आणि आता प्रत्येक वाचकाने ती नव्याने शोधून काढावी अशी अपेक्षा आहे. शिवाय अग्रशून्य नसले तरी सुटका नाही. पालघरचेच पाहावे.

पालघरचे उदाहरण या वादात कुपवाड्यापेक्षाही बोलके आहे, म्हणून ते सविस्तर पाहणे योग्य ठरेल. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत तो नव्हता, त्यामुळे त्याला तेव्हाचा संकेतांक नाही, आणि ठाण्याच्या ५१७ या संकेतांकापुढची १,१०,६०,१४८ ही लोकसंख्या त्याला पोटात घेऊनच आहे. आता आजच्या ३६ जिल्ह्यांची यादी करून तिच्यापुढे २०११ चे संकेतांक लिहिले, तर पालघरपुढची जागा रिकामी राहते. पांडाजमध्ये रिकामी जागा 'नॅन' या खुणेने दाखवली जाते, ज्याचा शब्दशः अर्थ 'संख्या नव्हे' असा आहे; पण गंमत अशी की ही खूण १९८५ च्या आयईईई ७५४ या मानकानुसार दशांश संख्यांच्याच कुळातली आहे, नेहमीच्या पूर्णांकांच्या कुळात तिला जागा नाही. परिणामी एका पालघरसाठी अख्खा स्तंभ दशांशाचा होतो: पुणे ५२१.०, नंदुरबार ४९७.०, सांगली ५३१.०. हा तक्ता पुन्हा सीएसव्हीत लिहिला की ते '.०' अक्षररूपाने फाइलमध्येच जाऊन बसते, आणि पुढचा कोणी तो स्तंभ शहाणपणाने मजकूर म्हणून वाचून '५२१' शी ताडून पाहू लागला तर ३६ पैकी एकही जिल्हा जुळत नाही. रिकामी जागा सामावून घेणारा पूर्णांकाचा वेगळा प्रकार पांडाजमध्ये जानेवारी २०१९ च्या ०.२४ या आवृत्तीपासून आहे. पण तो मागून घ्यावा लागतो, आपोआप मिळत नाही.

अभिलेखपालांचे 'फाइलने प्रत्येक अक्षर सांभाळले' हे विधान येथे अपुरे पडते, कारण पहिल्या वाचनातला चुकीचा अंदाज दुसऱ्या लेखनात वस्तुस्थिती होऊन बसतो.

विश्लेषक : आणखी एक उदाहरण जमिनीच्या तक्त्यांतले आहे. जमिनीचा वापर शेती की बिनशेती हे नोंदवताना बिनशेतीला इंग्रजी आद्याक्षरांनी 'एनए' लिहिण्याची पद्धत आपल्याकडे बोलण्यातही इतकी मुरली आहे की 'एनए प्लॉट' हा मराठी शब्दच झाला आहे. नेमकी हीच दोन अक्षरे पांडाजच्या आणि आर या भाषेच्या लेखी 'माहिती उपलब्ध नाही' अशा अर्थाची आहेत. तेव्हा बिनशेती जमिनींची फाइल वाचली की सगळी बिनशेती जमीन रिकाम्या जागांत जमा होते, आणि टक्केवारी काढणारा प्रोग्राम त्या जागा गाळून शंभर टक्के शेती असल्याचा निर्वाळा देतो. नामिबिया या देशाचे दोन अक्षरी संक्षिप्त रूपही हेच असल्यामुळे तोही देश जगाच्या तक्त्यांतून असाच नाहीसा होतो.

अभिलेखपाल : 'कीप-डिफॉल्ट-एनए' हा पर्याय बंद केला की हेही थांबते.

विश्लेषक : थांबते, पण ते अंदाज चुकल्याचे ज्याला कळले त्याच्यापुरते.

एक्सेलचा विषय निघाल्यावर दोघांचे काही काळ एकमत होते, आणि ते साहजिक आहे. गट क्रमांकाचे पोटहिस्से '५/२' असे लिहिले जातात. अशी सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये दुहेरी क्लिक करून उघडली की तो हिस्सा तारीख समजला जातो, भारतीय मांडणीत ५ फेब्रुवारी आणि अमेरिकी मांडणीत २ मे. जतन केल्यावर फाइलमध्ये तारीखच राहते, मूळ अक्षरे राहत नाहीत. सातबारा हा शब्द '७/१२' असा अंकांत लिहिला तर त्याचीही गत तीच होते. गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ यांच्या या जोडनावाला एक्सेल डिसेंबर किंवा जुलैत नेऊन ठेवते. लांबलचक खातेक्रमांकांचे पंधराव्या अंकानंतरचे अंक शून्य होतात, ते वेगळेच. देवनागरी नावे असलेली युनिकोड फाइल सुरुवातीच्या ओळखखुणेशिवाय लिहिली असेल तर तिची अक्षरेही विस्कटतात, आणि त्या वेळी मात्र चूक निदान डोळ्यांना दिसते.

जनुकशास्त्रात हा प्रकार पराकोटीला गेला. 'सेप्ट२' आणि 'मार्च१' अशी संक्षिप्त नावे असलेल्या जनुकांना एक्सेल तारखा समजते, हे २००४ मध्येच एका शोधनिबंधाने दाखवून दिले होते. २०१६ मध्ये 'जीनोम बायॉलॉजी' या नियतकालिकातील पाहणीत, एक्सेलमधून जनुकयाद्या जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत ही चूक आढळली. अखेर २०२० मध्ये जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावे बदलली: 'सेप्ट' चे 'सेप्टिन' झाले, 'मार्च' चे 'मार्चएफ' झाले. आपोआप होणारे बदल बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये २०२३ साली आली.

अभिलेखपाल : सॉफ्टवेअर सुधारत नाही म्हणून माणसाच्या पेशीतल्या वस्तूचे नाव बदलावे लागले, यात सीएसव्हीचा दोष कोठे?

विश्लेषक : दोष सीएसव्हीचा असा की अंदाज करण्याला तिने वाव ठेवला. ज्या फाइलमध्ये 'हा स्तंभ मजकुराचा' असे लिहिलेले असते, तिच्यापुढे अंदाज चालतच नाही.

याच मुद्द्यावरून संवाद इंडेक्सकडे वळतो, आणि येथे बाजू काहीशा उलटतात. पांडाजमध्ये प्रत्येक तक्त्याला इंडेक्स असतोच. तक्ता करणाऱ्याने तो दिला नाही तर ० पासून सुरू होणारे क्रमांक आपोआप लावले जातात. हा तक्ता 'टू-सीएसव्ही' या आज्ञेने लिहिला की इंडेक्सही पहिला स्तंभ म्हणून लिहिला जातो, पण त्याला नाव नसल्यामुळे शीर्षकओळ थेट स्वल्पविरामाने सुरू होते: ',संकेतांक,जिल्हा,लोकसंख्या'. उलट वाचणारी 'रीड-सीएसव्ही' ही आज्ञा मात्र पहिला स्तंभ इंडेक्स आहे असे गृहीत धरत नाही; ती त्याला साधा स्तंभ मानते आणि 'अननेम्ड: ०', म्हणजे निनावी, असे नाव देते. एकाच लायब्ररीची लिहिणारी आज्ञा एक समजूत बाळगते आणि वाचणारी दुसरी. तीच फाइल पुन्हा लिहून पुन्हा वाचली की आणखी एक निनावी स्तंभ येतो. डाव्या बाजूला तीन-चार निनावी स्तंभ असलेली फाइल दिसली तर ती तितक्या वेळा हातोहात फिरली आहे असे खुशाल समजावे. झाडाच्या खोडातली वर्तुळे मोजावी तसे तिचे वय मोजता येते.

अभिलेखपाल : या प्रकरणात तर दोषी इंडेक्सच आहे. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये तक्त्यांच्या आधुनिक सिद्धान्ताची पायाभरणी करताना, माहितीचा अर्थ ओळींच्या क्रमावर किंवा इंडेक्सवर अवलंबून नसावा हाच आग्रह धरला होता. ओळीची ओळख सांगणारे जे काही असेल ते इतर स्तंभांसारखेच, नाव देऊन, तक्त्यात बसले पाहिजे. तक्त्याच्या बाहेर, समासात, वेगळ्या मानाने बसलेला इंडेक्स ही सोय आहे, माहिती नव्हे. आर भाषेतही पूर्वीपासून ओळींना नावे देण्याची रीत होती आणि तिची लिहिणारी आज्ञा ती नावे आपणहून फाइलमध्ये घालत असे. नंतरच्या काळात त्याच भाषेत तयार झालेल्या तक्त्यांच्या प्रकारांनी ओळींची नावेच वगळली, यातच काय ते आले.

विश्लेषक : म्हणून लोक सरसकट 'इंडेक्स=फॉल्स' असे लिहून मोकळे होतात, म्हणजे इंडेक्स फाइलमध्ये उतरवूच नये असे सांगतात. निनावी स्तंभ जातो हे खरे, पण इंडेक्स म्हणून जिल्ह्याचा संकेतांकच लावलेला असेल तर तोही जातो, आणि मग उरतात नुसती नावे. नावांचे काय होते ते महाराष्ट्राला सांगायला नको: उस्मानाबादचे धाराशिव झाले, अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. २०११ च्या तक्त्यातला उस्मानाबाद जिल्हा आजच्या तक्त्यातल्या धाराशिवशी जोडायचा तर ५२५ हा संकेतांकच कामी येतो. हजेरी क्रमांक टाकून द्यायला हरकत नाही. जनरल रजिस्टरचा क्रमांक टाकला तर मुलाचा दाखला कोणी काढायचा?

अभिलेखपाल : तेच तर म्हणणे आहे. तो क्रमांक समासातून आत आणावा. लिहिण्यापूर्वी 'रीसेट-इंडेक्स' करून त्याला 'जिल्हा-संकेतांक' असे नाव दिले की तो साधा स्तंभ होतो, आणि साधा स्तंभ कोणतीही भाषा वाचू शकते.

विश्लेषक : पण मग वाचणाऱ्याला हे कसे कळावे की या तीन स्तंभांपैकी ओळख पटवणारा स्तंभ हाच? पिकांच्या तक्त्यात तर ओळख दोन स्तंभ मिळून ठरते, जिल्हा आणि हंगाम. त्यातला हंगाम हा केवळ मजकूर नव्हे. खरीप, रब्बी, उन्हाळी असा त्याला क्रम आहे. ठरावीक पर्यायांचा आणि ठरावीक क्रमाचा हा जो प्रकार, तो सीएसव्हीतून परत आला की साधा मजकूर होतो, आणि मजकूर अक्षरानुक्रमे लावला की उन्हाळी सर्वांत आधी येतो, मग खरीप, मग रब्बी. आलेखात वर्षाची सुरुवात उन्हाळी पिकाने झालेली पाहून कृषी अधिकारी हसतात.

या देवाणघेवाणीत अभिलेखपालांचे म्हणणे अधिक टिकाऊ आहे, असे येथे नोंदवावे लागते. इंडेक्स समासात ठेवण्याने सोय एका प्रोग्रामची होते आणि अडचण बाकी सर्वांची. ओळख सांगणारे मूल्य नाव देऊन तक्त्यात आणणे हा सरळ मार्ग आहे. मात्र 'ओळख पटवणारा स्तंभ कोणता' हा विश्लेषकांचा प्रश्न त्याने सुटत नाही, तो केवळ पुढे ढकलला जातो.

विश्लेषक : हे सर्व एका झटक्यात मिटवणारा मार्ग उपलब्ध आहे. २०१३ पासून वापरात असलेल्या पार्के या फाइलप्रकारात स्तंभाचा डेटा टाइप फाइलच्याच शेवटी लिहिलेला असतो. पांडाजने लिहिलेल्या फाइलमध्ये इंडेक्स कोणता होता हेही नोंदलेले असते, आणि पर्यायांचा क्रमही टिकतो. कुपवाड्याची शून्ये, पालघरची रिकामी जागा, हंगामांचा क्रम, सारे जसे लिहिले तसे परत येते. मग स्वल्पविरामांशी झुंजत बसण्याचे कारण काय?

अभिलेखपाल : कारण पार्के फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर सुरुवातीला चार अक्षरांची एक खूण दिसते आणि पुढे सगळे अगम्य चिन्हांचे रान. ती वाचायला तिच्यासाठी खास लिहिलेला प्रोग्राम लागतो. आज तो सर्वत्र मिळतो, त्याचा तपशीलही खुला आहे, हे खरे. पण तहसील कचेरीतल्या कारकुनाला, ग्रामपंचायतीत माहितीच्या अधिकारात तक्ता मागणाऱ्या नागरिकाला आणि पन्नास वर्षांनंतरच्या संशोधकाला तो मिळेलच अशी हमी कोणी देऊ नये. अर्धी खराब झालेली सीएसव्ही फाइल उरलेल्या अर्ध्या ओळी तरी देते. पार्के फाइलचा शेवटचा भाग गेला तर स्तंभांची माहितीच गेली. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची शिफारसही अशीच आहे की तक्त्यांसाठी अक्षररूप, कोणत्याही एका यंत्रणेवर न विसंबणारे प्रकार पसंत करावेत.

विश्लेषक : त्या शिफारशीला एक अट जोडलेली आहे, सर: माहिती पूर्ण राहत असेल आणि तिचा तपशील व अचूकता टिकत असेल तर. नुसती सीएसव्ही ती अट पाळत नाही.

यावर अभिलेखपालांकडे तयार उत्तर नाही, आणि प्रामाणिकपणे ते कोणाकडेही असू नये. पायथॉनचा 'पिकल' हा तिसरा मार्ग दोघांनाही मान्य नाही. परक्याकडून आलेली पिकल फाइल उघडताना तिच्यात दडवलेली कोणतीही आज्ञा चालवली जाऊ शकते, तेव्हा देवाणघेवाणीसाठी तिचा विचारच नको.

अट पाळण्याचा जुना मार्ग नकाशांवर काम करणाऱ्यांना ठाऊक आहे. जीडीएएल ही नकाशांची लायब्ररी सीएसव्ही फाइलशेजारी त्याच नावाची, 'सीएसव्हीटी' या प्रत्ययाची दुसरी फाइल आहे का ते पाहते. त्या फाइलमध्ये एकच ओळ असते, आणि प्रस्तुत तक्त्यासाठी ती '"स्ट्रिंग","स्ट्रिंग","इंटिजर"' एवढीच होईल, म्हणजे संकेतांक मजकूर, नाव मजकूर, लोकसंख्या पूर्णांक. या एका ओळीने कुपवाड्याची शून्ये वाचतात. डिसेंबर २०१५ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने याच कल्पनेचे सविस्तर रूप शिफारस म्हणून प्रसिद्ध केले: सीएसव्ही जशी आहे तशीच राहते, आणि शेजारच्या वर्णनफाइलमध्ये प्रत्येक स्तंभाचा डेटा टाइप, तारखेची मांडणी, रिकामी जागा दाखवणारी खूण आणि ओळीची ओळख पटवणारा स्तंभ किंवा स्तंभांची जोडी, म्हणजे प्राथमिक किल्ली, लिहून ठेवता येते. 'एनए' म्हणजे बिनशेती, रिकामे नव्हे, हेही त्यात सांगता येते. विश्लेषकांचा राहिलेला प्रश्न येथे सुटतो.

अभिलेखपाल : दोन फाइली म्हणजे एक हरवणार. दप्तरातला अनुभव असा की पुरवणी आधी हरवते.

विश्लेषक : हरवेल; पण ती साध्या अक्षरांत असल्यामुळे कोणीही पुन्हा लिहू शकेल, आणि हरवली तरी स्थिती आजच्यापेक्षा वाईट होणार नाही. शिवाय जुनी दप्तरेही अशीच चालतात. तक्त्याखालची 'टीप' आणि स्तंभाच्या डोक्यावरचे 'हजारांत' हे शब्द म्हणजे तरी दुसरे काय?

अभिलेखपालांना हे म्हणणे पटते, तरी त्यांची एक अट राहते, आणि ती या संवादातील सर्वांत उपयोगी सूचना म्हणावी लागेल: फाइल लिहिणाऱ्याने ती लगेच, त्याच दिवशी, परत वाचून मूळ तक्त्याशी ताडून पाहावी. पांडाजमध्ये दोन तक्ते डेटा टाइप आणि इंडेक्ससह तंतोतंत जुळतात का हे तपासणारी आज्ञा तयार आहे. ती चाचण्यांसाठी म्हणून दिलेली असल्यामुळे रोजच्या कामात फारसे कोणी तिच्याकडे वळत नाही, एवढेच. तारखा २०२१-०४-०३ अशा वर्षापासून सुरू होणाऱ्या मांडणीत लिहाव्यात, कारण ०३/०४/२०२१ ही भारतीय तारीख पांडाज आपणहून ४ मार्च समजते. लोकसंख्येत १,१०,६०,१४८ असे स्वल्पविराम घालू नयेत; अवतरणचिन्हांत ठेवले तर फाइल मोडत नाही, पण स्तंभ संख्येचा राहत नाही.

पार्के आणि सीएसव्ही यांतील निवड मात्र दोघांत शेवटपर्यंत जुळत नाही, आणि ती जुळवून दाखवण्याची गरजही नाही. विश्लेषक रोजच्या कामाच्या मधल्या पायऱ्यांसाठी पार्केच वापरतील आणि ते योग्यच आहे, कारण त्या फाइली उद्या पुसल्या जाणार असतात. अभिलेखपाल दप्तरात सीएसव्हीच ठेवतील, पण आता तिच्यासोबत वर्णनफाइल असल्याशिवाय ती स्वीकारणार नाहीत. चूक आहे ती या दोहोंच्या मधल्या सवयीत: वर्णनाशिवाय सीएसव्ही लिहायची, ती मेलने पुढे पाठवायची आणि अर्थ लावण्याचे काम समोरच्याच्या प्रोग्रामवर सोडायचे.

ज्या वाचकाकडे अशी वर्णनाविना फाइल आज आली असेल, त्याने ती दुहेरी क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नये. आधी साध्या मजकूर-संपादकात तिच्या पहिल्या दहा ओळी पाहाव्यात, मग एक्सेलच्या 'डेटा' या टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' हा मार्ग घेऊन संकेतांकाचा स्तंभ मजकुराचा ठरवावा, आणि कुपवाड्यापुढे दोन शून्ये दिसल्याशिवाय ती जतन करू नये.